शोधनिबंधातील क्रियापद आणि लेखकाची भूमिका: मसुदा तपासण्याची एक पद्धत

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’ अशा दोन ओळी कोरलेल्या आहेत. मूर्ती करवून घेणारा चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मूर्तीभोवतीचे आवार बांधवून घेणारा गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. पहिली ओळ शके ९०५ मधील, म्हणजे इ. स. ९८३ ची, असे दीर्घकाळ मानले गेले. मात्र दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखेच असल्यामुळे त्या इ. स. १११६-१७ च्या सुमारास एकाच वेळी कोरल्या गेल्या, असेही मत अभ्यासकांनी मांडले आहे. आता तीन विद्यार्थी आपापल्या प्रबंधात या पहिल्या ओळीविषयी लिहीत आहेत असे समजू. एक लिहितो, ‘ही ओळ ९८३ मधील आहे.’ दुसरी लिहिते, ‘ही ओळ ९८३ मधील असावी.’ तिसरा लिहितो, ‘ही ओळ ९८३ मधील मानली जाते.’ तिघांनी पुरावा एकच वाचला आहे, पण विधाने तीन वेगळी झाली आहेत. पहिल्याने स्वतःची सगळी विश्वासार्हता पणाला लावली आहे, दुसरीने अनुमान केले आहे आणि तिसऱ्याने जबाबदारी इतरांकडे सोपवली आहे. हा सगळा फरक वाक्याच्या अखेरच्या एकदोन शब्दांत आहे.

लेखक आपल्या विधानामागे किती ठामपणे उभा आहे, ते विधान त्याला कोठून मिळाले आणि त्याचे तो काय मोल करतो, या तीन गोष्टी मिळून लेखकाची भूमिका ठरते. इंग्रजीच्या संदर्भात डग्लस बायबर आणि एडवर्ड फिनेगन या भाषाभ्यासकांनी १९८९ मध्ये, तर शोधलेखनाच्या संदर्भात केन हायलंड यांनी २००५ मध्ये या विषयाची मांडणी केली, आणि आज अनेक विद्यापीठांतील लेखनवर्ग त्या मांडणीवर चालतात. मराठीत लिहिणाऱ्याला त्यातील तत्त्व उपयोगी पडते, पण त्यातील याद्या जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. मराठीचे व्याकरण भूमिका व्यक्त करण्याचे काम आपल्या पद्धतीने करते: विध्यर्थाच्या रूपांनी, प्रयोगाच्या निवडीने, संयुक्त क्रियापदांनी आणि ‘च’सारख्या एका अक्षराने. आपल्याकडे प्रबंधाची संदर्भसूची, समास आणि टंक यांवर जितकी चर्चा होते तितकी यावर होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण परीक्षक आणि वाचक लेखकाचा प्रामाणिकपणा याच ठिकाणी जोखतात. पुढे दिलेली पद्धत मसुदा पूर्ण झाल्यावर वापरण्याची आहे. पहिला खर्डा लिहिताना ती डोक्यात ठेवली तर लेखन अडखळते.

शेवटचे क्रियापद वेगळे काढा

विश्लेषणाचे एक प्रकरण कागदावर छापून घ्यावे आणि प्रत्येक वाक्यातील शेवटच्या क्रियापदाभोवती पेन्सिलीने खूण करावी. समासात त्या वाक्याची जात लिहावी: मी स्वतः पाहिले किंवा मोजले, मी त्यावरून अनुमान केले, दुसऱ्या कोणी म्हटले आहे, हे सर्वांना मान्य आहे, हे माझे मूल्यमापन आहे. या पाचांपैकी कोणतीच नोंद एखाद्या वाक्यापुढे करता येत नसेल, तर ते वाक्य कशाच्या आधारावर लिहिले आहे ते लेखकालाच ठरवता आलेले नाही असे समजावे.

हे काम करताना बहुतेक प्रबंधांत एक गोष्ट लगेच समोर येते. ‘दिसून येते’ हे क्रियापद पाचही जातींच्या वाक्यांना लावलेले असते. वास्तविक मराठीत ज्ञानाचा उगम सांगणारी क्रियापदे भरपूर आहेत आणि त्यांची कामे वाटलेली आहेत. ‘आढळते’ म्हणजे सामग्रीत प्रत्यक्ष सापडते. ‘दिसते’ म्हणजे समोरच्या पुराव्यावरून तसे वाटण्याजोगे आहे. ‘दिसून येते’ म्हणजे तपासणी केल्यानंतर स्पष्ट झाले. ‘जाणवते’ या शब्दात अभ्यासकाच्या संवेदनेचा भाग आहे, म्हणून तो काव्यसमीक्षेत शोभतो आणि सर्वेक्षणाच्या कोष्टकाखाली शोभत नाही. ‘वाटते’ हे मत आहे. एखाद्या जुन्या ग्रंथात वाचलेली गोष्ट ‘दिसून येते’ असे लिहिल्यास आपण ती स्वतः तपासली असा अर्थ होतो, आणि तो खरा नसतो.

खात्री किती, ते रूप ठरवते

शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. शोधलेखनात आज्ञार्थाला फारसे काम नाही, पण उरलेल्या तिघांवर सगळा डोलारा उभा असतो. श्रवणबेळगोळच्या ओळीचेच उदाहरण पुढे नेऊ.

‘ही ओळ ९८३ मधील आहे.’ स्वार्थातील साधे विधान. याला कोणी आक्षेप घेतला तर लेखकाला माघार घेण्यास जागा नाही.

‘ही ओळ ९८३ मधील असली पाहिजे.’ येथे पुराव्याने लेखकाला या निष्कर्षापर्यंत ढकलत आणले आहे, असा भाव आहे. म्हणून हे रूप वापरताना त्याच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात कारण द्यावेच लागते. कारणाशिवाय ‘असली पाहिजे’ लिहिणे म्हणजे वाचकावर नुसता दबाव आणणे होय.

‘ही ओळ ९८३ मधील असणार.’ यात खात्री आहे, पण ती बोलणाऱ्याच्या मनातील खात्री आहे. संभाषणात हे रूप सहज येते. लेखी युक्तिवादात मी ते टाळण्याचा सल्ला देईन.

‘ही ओळ ९८३ मधील असावी.’ मराठी इतिहासलेखनाचे हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत सभ्य रूप आहे. पुरावा या बाजूला झुकतो, पण मी दार बंद केलेले नाही, एवढे सगळे ते दोन अक्षरांच्या प्रत्ययात सांगते.

‘असू शकेल’ आणि ‘असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ ही याहून खालची रूपे. दुसऱ्यात दोन नकार एकमेकांवर रचलेले असल्यामुळे लेखक जवळजवळ काहीच म्हणत नाही. एखादी शक्यता नोंदवून पुढे जायचे असेल तेव्हा ते चालते. प्रकरणाचा मुख्य निष्कर्ष त्या वाक्यात असेल, तर तो निष्कर्ष अजून तयार झालेला नाही.

विध्यर्थाबाबत एक काळजी घ्यावी लागते, कारण त्याच रूपाने मराठीत कर्तव्यही सांगितले जाते. ‘शासनाने नोंदी ठेवाव्यात’ ही शिफारस आहे आणि ‘शासनाने नोंदी ठेवल्या असाव्यात’ हे अनुमान आहे. धातूला थेट ‘आवे’ लागले की सूचना होते. भूतकाळी किंवा चालू क्रियेच्या रूपापुढे ‘असावे’ आले की अंदाज होतो. शिफारशींच्या प्रकरणात ही दोन रूपे एकाच परिच्छेदात मिसळली, तर लेखक काय घडले असे सांगतो आहे आणि काय घडायला हवे असे सांगतो आहे, ते वाचकाला कळेनासे होते.

संकेतार्थ हे तर युक्तिवादाचे खास हत्यार आहे. ‘पहिली ओळ ९८३ मधील असेल, तर तिचे अक्षरवळण दुसऱ्या ओळीहून वेगळे असायला हवे’ या वाक्यात प्रश्न खुला आहे. लेखक आणि वाचक मिळून तपासणार आहेत. ‘पहिली ओळ ९८३ मधील असती, तर तिचे अक्षरवळण दुसऱ्या ओळीहून वेगळे दिसले असते’ या वाक्यात लेखकाने निकाल दिलेला आहे. ‘असती’ म्हणताच ती तशी नाही हे गृहीत धरले गेले. परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘असेल’ आणि पुरावा मांडून झाल्यावर ‘असती’ असा क्रम ठेवला, तर वाचकाला युक्तिवादाबरोबर चालता येते. उलट क्रमाने लिहिले तर पुरावा येण्याआधीच निकाल ऐकू येतो.

सौम्य रूप वापरले की संशोधन लेचेपेचे ठरेल, अशी भीती अनेकांना वाटते. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये डीएनएची रचना मांडली, तेव्हा त्यांच्या पहिल्याच वाक्यातील क्रियापद ‘सुचवू इच्छितो’ या अर्थाचे होते. विसाव्या शतकातील जीवशास्त्राच्या सर्वांत महत्त्वाच्या लेखांपैकी तो एक आहे, आणि हाती असलेल्या पुराव्यापेक्षा एक शब्दही जास्त बोलायचे नाही असे त्याच्या लेखकांनी ठरवलेले दिसते.

मत कोणाचे, ते आधी सांगा

मराठी वाक्यात ‘असे अमुक म्हणतात’ हा भाग शेवटी येऊ शकतो, आणि लांब वाक्यात त्याचा घोटाळा होतो. ‘अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेख शके ९३४ मधील, म्हणजे इ. स. १०१२ चा असून तोच मराठीतील पहिला शिलालेख ठरतो, असे शं. गो. तुळपुळे यांचे मत आहे.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण शेवटच्या पाचसहा शब्दांपर्यंत वाचक ते लेखकाचेच मत समजून वाचत असतो. मत मान्य असेल तर यात नुकसान नाही. मत तपासायचे किंवा खोडून काढायचे असेल, तर ‘तुळपुळे यांच्या मते’ हे शब्द सुरुवातीला आणावेत. आपल्या मसुद्यात ‘असे’ने संपणारी लांब अवतरणे शोधून प्रत्येकाच्या बाबतीत हा निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा.

यानंतर निवेदनाचे क्रियापद पाहावे. ‘म्हणतात’, ‘लिहितात’, ‘मांडतात’ ही तटस्थ आहेत. ‘दाखवून दिले आहे’, ‘निदर्शनास आणले आहे’, ‘लक्षात आणून दिले आहे’ ही लेखकाला बांधून घेतात, कारण जे खरे आहे तेच निदर्शनास आणता येते. पुढच्या परिच्छेदात त्याच मताला विरोध करणे मग विसंगत ठरते. ‘दावा करतात’ आणि ‘गृहीत धरतात’ यांत विरोधाचे बीज आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात आपल्याला पटणारे सगळे ‘दाखवून देतात’ आणि न पटणारे सगळे ‘दावा करतात’ असे झाले असेल, तर युक्तिवाद होण्याआधीच निवाडा क्रियापदांनी दिला आहे.

काळाचाही अर्थ असतो. ‘तुळपुळे म्हणतात’ यात चर्चा आजही चालू आहे. ‘तुळपुळे यांनी म्हटले आहे’ यात ते मत आज लागू आहे असे लेखक सुचवतो. ‘तुळपुळे यांनी म्हटले होते’ असे लिहिताच वाचक पुढच्या ‘पण’ची वाट पाहू लागतो, कारण ‘होते’ने ते मत मागे सारले गेले. अनेकदा हे ‘होते’ केवळ जुन्या ग्रंथाचा उल्लेख म्हणून सवयीने लिहिले जाते आणि लेखकाला नको असलेला विरोध त्याच्या नावावर जमा होतो.

आदरार्थी रूपांबाबत नियम साधा ठेवावा: सर्व अभ्यासकांना सारखे अनेकवचन आणि सारखे ‘यांनी’. पुरुष अभ्यासक ‘राजवाडे’ आणि स्त्री अभ्यासक मात्र ‘इरावतीबाई’ असे लिहिल्याने जवळीक दिसते, पण विद्वत्तेच्या मापात फरक केल्यासारखेही होते. वि. का. राजवाडे यांना ‘राजवाडे’ लिहायचे तर इरावती कर्वे यांनाही ‘कर्वे’ लिहावे.

बोलीतील ‘म्हणे’ हे ऐकीव माहितीचे फार नेमके चिन्ह आहे, पण त्यात अविश्वासाची छटा असल्यामुळे ते प्रबंधात आणता येत नाही. क्षेत्रकार्यात ऐकलेल्या गोष्टीसाठी ‘गावातील वयस्क स्त्रिया असे सांगतात’ असा सांगणाऱ्यांचा निर्देश करावा. ‘असे सांगितले जाते’ हे शेवटचा उपाय म्हणून ठेवावे.

‘मी’ कोठे ठेवायचा

‘प्रस्तुत संशोधकास असे वाटते’ ही रचना आपल्याकडे वस्तुनिष्ठतेची खूण मानली जाते. मला ती तशी वाटत नाही. मत तर मतच राहते. ते कोणाचे आहे हे सांगताना माणूस स्वतःविषयी तिसऱ्या व्यक्तीसारखा बोलू लागतो, एवढाच फरक होतो. मार्गदर्शकांचा आग्रह असेल तर ती ठेवावी, पण व्याकरणाने दिलेले याहून चांगले मार्ग माहीत असू द्यावेत.

मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मी ४० मुलाखती घेतल्या’ यातील ‘घेतल्या’ हे रूप मुलाखतींचे आहे, माझे नाही. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात पहिल्या वाक्यात एकदा ‘मी’ लिहिला की पुढच्या वाक्यांतून तो गाळता येतो: ‘मुलाखती मराठीत घेतल्या, त्यांचे ध्वनिमुद्रण केले, नंतर ते शब्दशः उतरवून काढले.’ ‘मुलाखती घेण्यात आल्या, ध्वनिमुद्रण करण्यात आले, शब्दांकन करण्यात आले’ अशी कंटाळवाणी रांग लावण्याची गरजच उरत नाही. वर्तमानकाळात मात्र ‘मी मानतो’ किंवा ‘मी मानते’ असे लिहिल्यावर लेखकाचे लिंगही उघड होते. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी ‘माझ्या मते’ किंवा ‘मी असे मांडले आहे’ या रचना उपलब्ध आहेत, आणि त्यांतही ‘मी’ लपत नाही.

‘करण्यात आले’ ही रचना कोठे योग्य आणि कोठे अयोग्य, हे ठरवण्यासाठी एकच प्रश्न विचारावा: या ठिकाणी कोणी निर्णय घेतला होता का? उपकरणाने तापमान नोंदवले, पाकिटे टपालाने पाठवली, यांत निर्णय नाही, कर्ता झाकला तरी चालतो. पण ‘अपूर्ण उत्तरे असलेल्या प्रश्नावल्या वगळण्यात आल्या’ यात निर्णय आहे. कोणती उत्तरे अपूर्ण मानायची हे कोणी तरी ठरवले, आणि त्या ठरवण्याने निष्कर्ष बदलू शकतो. तेथे ‘मी वगळल्या’ असे लिहावे आणि कारण द्यावे.

आता ‘आपण’कडे येऊ. मराठीत ‘आम्ही’ वाचकाला बाहेर ठेवते आणि ‘आपण’ वाचकाला आत घेते. एकट्या लेखकाने स्वतःसाठी ‘आम्ही’ लिहिणे आता जुने झाले आहे. सहलेखक असतील तेव्हाच ते योग्य. ‘मागील प्रकरणात आपण पाहिले’ यात वाचकाला बरोबर घेऊन चालणे आहे, त्यात गैर काही नाही. ‘यावरून आपल्या लक्षात येते की’ यात मात्र वाचकाची संमती न विचारता घेतलेली आहे. आणि ‘आपल्या समाजात’, ‘आपल्या संस्कृतीत’, ‘आपल्या स्त्रिया’ ही रूपे तर अत्यंत सावधपणे तपासावीत. वाचणारा लेखकाच्याच जातीचा, धर्माचा, प्रदेशाचा आहे असे ती धरून चालतात. ज्यांच्याविषयी लिहिले जात आहे ती माणसे प्रबंधाची वाचकही असू शकतात. भटक्या समाजावरचा प्रबंध त्या समाजातील मुलीने ग्रंथालयातून काढून वाचला, तर त्यातील ‘आपण’मध्ये तिला जागा आहे का, हे वाक्यावाक्याला पाहावे.

घडले, घडवले, की घडावे लागले

सामाजिक शास्त्रांत लिहिणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ येथे घालवावा. मराठीत एकाच घटनेसाठी अकर्मक, सकर्मक आणि प्रयोजक अशा जोड्या सहज मिळतात, आणि त्यांतील कोणते रूप घ्यायचे हा राजकीय भूमिकेचा प्रश्न असतो. ‘धरणात गावे बुडाली.’ ‘धरणाने गावे बुडवली.’ ‘गावे उठली.’ ‘गावे उठवली.’ कोयनेच्या खोऱ्यातील विस्थापनावर लिहिणाऱ्याला या चारांतून निवड करावीच लागते. ‘बुडाली’मध्ये पाणी वाढले आणि गाव बुडाले, कोणी काही केले नाही. ‘उठवली’मध्ये कोणी तरी उठवणारा आहे, आणि तो कोण हे पुढच्या वाक्यात सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते.

त्याच घटनेत माणसांना कर्ता केले तर आणखी एक फाटा फुटतो. ‘गावकऱ्यांनी गाव सोडले’ यात इच्छा आहे, किंवा निदान इच्छा नव्हती असे म्हटलेले नाही. ‘गावकऱ्यांना गाव सोडावे लागले’ यात सक्ती आहे. पुरावा सक्तीचा असेल तर ‘सोडावे लागले’ लिहिताना कचरू नये. तटस्थतेच्या नावाखाली ‘सोडले’ लिहिणे हीसुद्धा एक बाजू घेणे आहे. तसेच ‘मराठवाडा मागास राहिला’ आणि ‘मराठवाडा मागास ठेवला गेला’ या वाक्यांत दोन परस्परविरोधी प्रमेये आहेत. दुसरे लिहायचे तर निधीवाटपाचे, सिंचनाचे किंवा प्रशासनाचे पुरावे हाती हवेत. पहिले लिहिले तरी पुराव्याची गरज संपत नाही, कारण ‘राहिला’ म्हणण्यातही कारण प्रदेशातच होते अशी सूचना आहे.

संयुक्त क्रियापदांतील साहाय्यक धातूही पाहावेत. ‘निर्णय घेतला’ आणि ‘निर्णय घेऊन टाकला’ यांत घटना एकच आहे, पण ‘टाकला’त घाई आणि बेफिकिरी आली. ‘चूक केली’ आणि ‘चूक करून बसले’ यांतील ‘बसले’ लेखकाची हळहळ सांगते. ‘नोंद करून ठेवली’त दूरदृष्टी आहे. बोलताना ही रूपे आपसूक येतात, म्हणून लिहिताना ती लक्षात येत नाहीत. ज्या भावनेचा आधार पुराव्यात दाखवता येत नाही, ती आणणारा साहाय्यक धातू काढून टाकावा.

‘च’ आणि ‘ही’

‘दुष्काळामुळेच स्थलांतर झाले’ म्हणजे दुसरे कारण नव्हते. ‘दुष्काळामुळे स्थलांतर झालेच’ म्हणजे ते झाले यात शंका नाही. ‘दुष्काळामुळेही स्थलांतर झाले’ म्हणजे इतर कारणांबरोबर हेही एक होते. संगणकावर मसुद्यात ‘मुळेच’ हा शब्द शोधावा. प्रत्येक ठिकाणी आपण इतर कारणे तपासून नाकारली आहेत का, हे पाहावे, आणि तसे केलेले नसेल तर ‘च’ काढावा. ‘निश्चितच’, ‘साहजिकच’, ‘अर्थातच’ हे शब्द पुरावा कमी असलेल्या ठिकाणी जास्त गोळा होतात. सांख्यिकीय चाचणी केलेली नसेल, तर ‘लक्षणीय फरक’ असेही लिहू नये.

नामात दडलेले विधान

‘मुकादमांकडून होणारे मजुरांचे शोषण थांबवण्यासाठी’ अशी सुरुवात केली की शोषण होते हे सिद्ध झाल्यासारखे वाक्य पुढे जाते. क्रियेचे नाम केले की तिच्यावर आक्षेप घेण्याची जागाच वाचकाला उरत नाही. अशा नामांना परत क्रियापदात आणावे: कोण, कोणाचे, काय, कसे करतो? मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) किती दिली ते लिहून देत नाही, हंगाम संपल्यावर वजावट स्वतः ठरवतो, असे मजूर सांगत असतील तर तसे लिहावे. शोषण हा शब्द त्या वर्णनानंतर यावा. ‘परंपरेने दुर्लक्षित असलेला’ यांसारख्या विशेषणांनाही हाच नियम लागू आहे.

गौण वाक्य आणि मुख्य वाक्य यांची निवडही येथेच तपासून घ्यावी. ‘नमुना लहान असला, तरी निष्कर्ष महत्त्वाचे आहेत’ आणि ‘निष्कर्ष महत्त्वाचे असले, तरी नमुना लहान आहे’ यांत माहिती तीच आहे, पण ‘तरी’नंतर जे येते ते लेखकाचे म्हणणे ठरते.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर कोणी लिहीत आहे, दोन गावांत एका हंगामात मुलाखती घेतल्या आहेत आणि शाळेचा हजेरीपट पाहिला आहे, असे धरू. नमुन्यादाखल रचलेला मूळ परिच्छेद असा:

‘दुष्काळामुळेच ऊसतोड मजुरांचे स्थलांतर होते. हे मजूर मुलांना सोबत नेतात, त्यामुळे मुलांचे शैक्षणिक नुकसान होत असल्याचे दिसून येते. मुकादमांकडून होणारे शोषण थांबवणे आवश्यक आहे. आपल्या समाजाने याकडे गांभीर्याने पाहावे.’

दुरुस्त परिच्छेद:

‘अभ्यासलेल्या दोन गावांतील बहुतेक कुटुंबांनी स्थलांतराचे कारण म्हणून पाण्याची टंचाई सांगितली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने जावे लागले, असेही काहींनी सांगितले. मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांपैकी अनेकांनी शाळेत जाणारी मुले सोबत नेली. हजेरीपटात ही मुले नोव्हेंबर ते मार्च या काळात गैरहजर आढळतात. त्यांच्या मागे पडण्याचे ते एक कारण असावे. उचलीचा लेखी हिशेब हाती मिळत नाही, असे मजूर सांगतात. मुकादम हे नाकारतात. कामगार विभागाने अशा हिशेबाची प्रत मजुराला देणे बंधनकारक करावे.’

पहिल्या वाक्यातला ‘च’ गेला आणि त्या जागी कारणे सांगणारी माणसे आली. ‘नेतात’ हा साधा वर्तमानकाळ सर्व ऊसतोड मजुरांना लागू होत होता. ‘नेली’ हा भूतकाळ फक्त भेटलेल्या कुटुंबांपुरता आहे. दोन गावांच्या आधारावर संपूर्ण वर्गाविषयी वर्तमानकाळात बोलणे ही क्षेत्रकार्यावरील लेखनातील सर्वांत सामान्य अतिशयोक्ती आहे, आणि ती केवळ काळ बदलून दुरुस्त होते. ‘दिसून येते’च्या जागी पाहिलेल्या गोष्टीसाठी ‘आढळतात’ आणि अनुमानासाठी ‘असावे’ अशी फोड झाली. शिफारस करणाऱ्या विध्यर्थाला नेमका कर्ता मिळाला. परिच्छेद लांबला, पण त्यातील प्रत्येक वाक्याचे समर्थन मौखिक परीक्षेत करता येईल.

शेवटी निष्कर्षांचे प्रकरण विश्लेषणाच्या प्रकरणांशेजारी ठेवावे. प्रत्येक निष्कर्षासाठी तो ज्या वाक्यातून आला ते मूळ वाक्य शोधावे आणि दोन्हींची क्रियापदे एकाखाली एक लिहावीत. विश्लेषणात ‘असावे’ असलेले विधान निष्कर्षात ‘आहे’ झालेले, सारांशात त्याला ‘च’ चिकटलेला आणि प्रबंधाच्या शीर्षकात तर ते नामच बनलेले, असे वारंवार घडते. कारण ही प्रकरणे सादरीकरणाची मुदत जवळ आल्यावर मूळ मजकूर समोर न ठेवता लिहिली जातात. जेथे तफावत आढळेल तेथे निष्कर्षातील रूप विश्लेषणातील रूपाशी जुळवून घ्यावे. विश्लेषणातील रूप बदलायचे असेल, तर त्यासाठी नवा पुरावा त्याच प्रकरणात द्यावा लागेल. ही जुळवणी शीर्षकापर्यंत करावी, आणि त्यासाठी सादरीकरणाआधी एक पूर्ण आठवडा राखून ठेवावा.